लेबल पुसलेल्या बाटल्या: एरंडवण्यातल्या एका घरगुती डार्करूमचा प्रकरण अभ्यास

एरंडवण्यातल्या एका जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत घरातल्या काकांनी डार्करूम थाटली होती. एनलार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र), तीन ट्रे, लाल दिवा आणि भिंतीतल्या फळ्यांवर रसायनं. काका गेल्यावर खोली कित्येक वर्षं बंद राहिली. आता त्यांची पुतणी फिल्मवर कृष्णधवल फोटो काढते आणि तिला हीच खोली पुन्हा चालू करायची आहे. रसायनांबद्दल घरात दोन मतं होती. एक म्हणजे सगळं गोणीत भरून टाकून द्यावं, दुसरं म्हणजे बाटल्या बंद आहेत तर थेट वापरावं. दोन्ही मतं चुकीची होती. टाकून देण्याने चांगला माल वाया जातो आणि विषारी माल कचऱ्याच्या गाडीत जातो. थेट वापरण्याने रोल फुकट जातो, आणि रोल परत काढता येत नाही.

फळीवर जे सापडलं ते असं. मेटॉलची (चित्र उमटवणारं एक रसायन) तपकिरी काचेची बाटली, लेबल शाबूत, पावडर साय-पांढरी. तशीच दुसरी बाटली, लेबल गळून पडलेलं, आत फिकट राखाडी सुईसारखे स्फटिक. पाच किलोच्या प्लॅस्टिक पिशवीत पांढरी पावडर, वरचा थर दगडासारखा, मार्करने लिहिलेलं ‘सोडि. सल्फ’ आणि पुढचं पुसलेलं. पत्र्याच्या डब्यात हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे. दोन बरण्यांत दोन पांढऱ्या पावडरी, नाव कशावरच नाही. पोटॅशियम ब्रोमाइडची छोटी बाटली. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड अर्धी बाटली. दोन लहान बाटल्या, एकीत माणकासारखे लाल स्फटिक, दुसरीत भडक नारिंगी. जांभळट क्रोम तुरटी. रबरी बूच लावलेली एक बाटली, बूच न उघडताही सडक्या अंड्यांचा वास. जमिनीवर वापरलेल्या फिक्सरचा (चित्र कायम करणारं, हायपोचं द्रावण) पाच लिटरचा कॅन आणि एक लिटर काळपट-तपकिरी डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण). शिवाय उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदू या फोटो छापायच्या कागदाचं अर्धं पाकीट.

आधी काय करायचं नाही

पावडर ओळखण्यासाठी ॲसिडचा थेंब टाकून बघणं ही सोपी आणि उपयोगी चाचणी आहे, पण ती सरसकट करायची नाही. सडक्या अंड्यांचा वास येतो ती बाटली बहुधा सोडियम सल्फाइडची, म्हणजे सेपिया टोनिंगची, प्रिंटला तपकिरी छटा देण्याची. तिच्यात ॲसिड गेलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. लाल स्फटिक पोटॅशियम फेरिसायनाइडचे असू शकतात. त्यांवर तीव्र ॲसिड किंवा उष्णता गेली की हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतो. जुन्या डार्करूममध्ये इंटेन्सिफायरसाठी, म्हणजे फिकी निगेटिव्ह दाट करायला, मर्क्युरिक क्लोराइडही असायचं. ते पांढरं, जड आणि अत्यंत विषारी असतं. म्हणून एक ढोबळ नियम पाळावा. किलोच्या हिशोबात साठवलेली पांढरी पावडर चाचणीला घ्यावी. लहान काचेच्या बाटलीतली बेनामी पांढरी पावडर मात्र उघडूच नये. सल्फाइट, कार्बोनेट, हायपो कोणी पन्नास ग्रॅमच्या बाटलीत ठेवत नाही, विषं मात्र तशीच ठेवली जातात. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया एकत्र केलेलं जुनं द्रावण सापडलं तर त्याला हलवूही नये. ते वाळताना स्फोटक संयुग तयार होतं.

नायट्राइलचे हातमोजे घालावेत. मेटॉलमुळे काहींच्या हातांना इसब होतं आणि एकदा झालं की पुढे थोड्याशा स्पर्शानेही उठतं. चाचण्या कोठीत न करता गॅलरीत कराव्यात. स्वयंपाकघरातले चमचे, वाट्या, ओव्हन यांतलं काहीही वापरू नये. लागणारं सामान थोडंच: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनारी वजनकाटा, पीएच पट्ट्या, पांढरं व्हिनेगर, औषधाच्या दुकानात मिळणारं पाच टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, ड्रॉपर, आणि कृष्णधवल फिल्मची उजेड लागलेली टोकं. रोल कॅमेऱ्यात भरताना जी टोकं वाया जातात तीच जपून ठेवावीत. या सगळ्या कामात त्यांच्याइतकी खरं सांगणारी दुसरी वस्तू नाही.

मोठी पिशवी: सल्फाइट, सल्फेट की सल्फाइड?

‘सोडि. सल्फ’ या अक्षरांपुढे काहीही असू शकतं. सल्फाइड नव्हतं, कारण वास नव्हता. उरले दोन. सल्फाइट डेव्हलपरचा कणा असतो, तर सल्फेटने डेव्हलपर वाचत नाही. आणि चांगलं सल्फाइट हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू सल्फेटच होत जातं. म्हणजे इथे फक्त नाव शोधून भागणार नव्हतं, त्यातलं सल्फाइट किती शिल्लक आहे हेही मोजायला हवं होतं.

नावासाठी चिमूटभर पावडर थोड्या पाण्यात विरघळवून व्हिनेगर टाकलं. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा झोंबरा वास आला, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. द्रावण स्वच्छ राहिलं, म्हणून हायपो नाही. हायपो ॲसिडने काही वेळात दुधाळ होतो. पीएच ९ च्या आसपास आला, म्हणून मेटाबायसल्फाइटही नाही. ते स्वतःच आम्लधर्मी असतं आणि ॲसिड न टाकताही नाकाला झोंबतं. ठरलं, सल्फाइट.

प्रमाणासाठी आयोडीन. सल्फाइट आयोडीनचा रंग घालवतं, सल्फेट घालवत नाही. तुलनेसाठी नवं, सीलबंद सल्फाइट लागतं. अर्धा किलो विकत घ्यावं, ते पुढे वापरात येतंच. नव्याचं १ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात, जुन्याचं १ ग्रॅम दुसऱ्या लिटरात. दोन्हींतून ५ मिलि घेऊन एकाच ड्रॉपरने पोव्हिडोन आयोडीन थेंब थेंब टाकायचं, हलवायचं, आणि फिकट पिवळा रंग टिकला की थांबायचं. द्रावण केल्याबरोबर चाचणी करायची, कारण इतकं पातळ सल्फाइट पाण्यातल्या हवेनेही खराब होतं. नव्याला ४२ थेंब लागले. पिशवीच्या मधल्या मोकळ्या पावडरीला ३५, आणि वरच्या दगडी थराला फक्त ११. म्हणजे मधली पावडर ८३ टक्के, वरचा थर २६ टक्के. एकाच पिशवीत दोन वेगळे पदार्थ निघाले. वरचा थर फोडून आत मिसळला असता तर सगळी पिशवी संशयास्पद झाली असती.

इथे एक सावधगिरी आहे. कार्बोनेटसारखा अल्कलीही आयोडीनचा रंग घालवतो, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही डेव्हलपरमधली रसायनंही घालवतात. म्हणून ॲसिडची चाचणी आधी आणि आयोडीनची नंतर, हा क्रम उलटा करू नये.

८३ टक्क्यांचं सल्फाइट वापरायचं तर वजन वाढवायचं: १०० ग्रॅमच्या जागी १२० ग्रॅम, ४५ च्या जागी ५४. सोबत येणाऱ्या वीसेक ग्रॅम सल्फेटची काळजी नको. उष्ण हवेत जिलेटिन जास्त फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट मुद्दाम घालण्याची जुनी पद्धतच आहे. ८० टक्क्यांच्या खाली मात्र डेव्हलपरसाठी वापरू नये. ते हायपो धुऊन काढायच्या मधल्या द्रावणाला लावावं. लिटरला २० ग्रॅम सल्फाइट, फिक्सनंतर फिल्म त्यात दोन मिनिटं, मग पाण्याखाली. तिथे प्रमाण थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. वरचा दगडी थर त्याही लायकीचा नव्हता.

दोन बरण्या आणि एक बेनामी बाटली

बरण्यांमध्ये धुण्याचा सोडा आणि टाकणखार असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. हळदीचा कागद दोन्हींनी लालसर होतो, त्यामुळे तो कामाचा नाही. एका पावडरीवर व्हिनेगर टाकताच फसफसलं, वास काही नाही, पीएच ११ च्या वर: सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडाही फसफसतो, पण त्याचा पीएच ८ च्या आसपास राहतो. दुसरी फसफसली नाही, पीएच ९: टाकणखार. पीएच ५ च्या जवळ आला असता आणि कण बोटांत निसरडे लागले असते तर बोरिक ॲसिड म्हटलं असतं.

कार्बोनेटचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. पुण्याच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली निर्जल पावडर ओलावा ओढते, आणि मग ‘८० ग्रॅम’ म्हणजे नक्की किती हे कळत नाही. १० ग्रॅम पावडर याच कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या लोखंडी तव्यावर २०० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवून परत मोजावी. वजन जवळपास तेवढंच राहिलं तर निर्जल, ८.५ ग्रॅम राहिलं तर मोनोहायड्रेट (थोडं पाणी धरलेलं), ३.७ राहिलं तर पूर्ण पाणीदार. इथे ८.६ आलं. पुढे दिलेलं कागदाच्या डेव्हलपरचं सूत्र मोनोहायड्रेटमध्येच आहे, त्यामुळे ही बरणी जशीच्या तशी वापरता आली.

राखाडी सुयांची बाटली हायड्रोक्विनोनची असावी असा अंदाज होता, पण अंदाजावर डेव्हलपर करत नाहीत. फिल्मलाच विचारायचं. दोन ग्लासांत ५०-५० मिलि पाणी, २४ अंश. एकात ०.४ ग्रॅम ओळखीचं मेटॉल आणि मग ५ ग्रॅम नवं सल्फाइट, दुसऱ्यात ०.४ ग्रॅम बेनामी स्फटिक आणि ५ ग्रॅम सल्फाइट. दोन्हींत उजेड लागलेलं फिल्मचं टोक. पाच मिनिटांत मेटॉलमधलं टोक काळं झालं, दुसरं तसंच राहिलं. मेटॉल फक्त सल्फाइटच्या जोरावर काम करतं, हायड्रोक्विनोनला जास्त अल्कली लागते. दुसऱ्या ग्लासात २ ग्रॅम कार्बोनेट टाकल्यावर तेही टोक काळं होत गेलं. एका चाचणीत दोन उत्तरं मिळाली: बेनामी ते हायड्रोक्विनोन, आणि जुनं मेटॉल जिवंत. फिकट राखाडी किंवा साय रंग चालतो. पावडर गडद तपकिरी झाली असेल तर चाचणीत वेळ घालवू नये.

हायपोचे खडे ओळखायला चाचणी जवळजवळ लागतच नाही. खडीसाखरेसारखे पारदर्शक खडे, आणि पाण्यात टाकले की भांडं हाताला गार लागतं. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांच्यातलं पाणी उडून वर पांढरी भुकटी येते. ती खराबी नव्हे, उलट त्या भुकटीत वजनाच्या मानाने हायपो जास्तच असतो. फिक्सरला पाच-दहा टक्के इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

द्रावणं

फिल्मसाठी डी-७६ हे डेव्हलपर. ५२ अंशांचं ७५० मिलि पाणी, आधी चिमूटभर सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल पूर्ण विरघळेपर्यंत. त्यानंतर १२० ग्रॅम जुनं सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम टाकणखार, आणि गार पाण्याने एक लिटर. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही, पांढरे पापुद्रे तरंगत राहतात आणि ढवळून ढवळून त्यात हवा जाते. चिमूटभर आधी घालायचं ते पाण्यातला ऑक्सिजन खायला.

कागदासाठी डी-७२ हे डेव्हलपर. त्याच क्रमाने मेटॉल ३ ग्रॅम, सल्फाइट ४५ च्या जागी ५४, हायड्रोक्विनोन १२, कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, एकूण एक लिटर. वापरताना एक भागाला दोन भाग पाणी. ब्रोमाइडसारखं थोडं लागणारं रसायन दरवेळी तोलण्यापेक्षा १० ग्रॅमचं १०० मिलि द्रावण करून त्यातले २० मिलि घेणं जास्त अचूक.

फिक्सर: ५०० मिलि कोमट पाण्यात २४० ग्रॅम हायपो, मग १० ग्रॅम सल्फाइट, द्रावण निवल्यावर २५ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि एक लिटर. हे शेवटचं फळीवर नव्हतं, पण सरबतं-स्क्वॅश टिकवायला घरोघरी वापरतात ते केएमएस तेच. ते सल्फाइटच्या आधी किंवा गरम द्रावणात घातलं की गंधक बाहेर पडून फिक्सर दुधाळ होतो, आणि मग तो फेकण्याशिवाय इलाज नाही.

ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत बाटलीत बर्फासारखं घट्ट दिसलं तर ते बिघडलेलं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवावी. ३ भाग ॲसिड ८ भाग पाण्यात ओतलं की २८ टक्क्यांचं होतं, आणि त्यातले ४८ मिलि लिटरला घेतले की स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

डेव्हलपरला आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरलं. महापालिकेचं धरणाचं पाणी एरवी चालतं. पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर सुरू झाली की बेसॉल्टमधून आलेल्या जड पाण्यातलं कॅल्शियम हे सल्फाइट आणि कार्बोनेट यांच्याबरोबर पांढरा साका धरतं आणि तो निगेटिव्हवर बसतो. टाकीतलं पाणी तेव्हा २८-३० अंश असतं. बर्फाच्या पिशव्या लावून २४ अंशांवर आणावं आणि २० अंशांच्या वेळेच्या साधारण ७० टक्के वेळ धरावा. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ आला तर डी-७६ एकास एक पातळ करून वेळ वाढवावा, नाहीतर निगेटिव्हवर असमान पट्टे येतात.

महत्त्वाच्या रोलआधी एक रोल बळी द्यावा. एकच दृश्य, एकच एक्स्पोजर, पूर्ण रोलभर. अंधारात तो अर्धा कापून एक भाग बाजारातल्या नव्या डी-७६ मध्ये आणि दुसरा या डी-७६ मध्ये, तापमान आणि वेळ तंतोतंत सारखे. लाइट टेबलवर दोन्ही शेजारी ठेवून सावल्यांतला तपशील आणि सर्वांत दाट भाग पाहावा. इथे डोळ्यांना फरक दिसला नाही, आणि तेव्हाच हे डेव्हलपर खऱ्या कामाला पास झालं. फिक्सरसाठी कोरडं टोक टाकून ते पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजावा. फिक्सिंग त्याच्या दुप्पट. हाच वेळ नव्या फिक्सरच्या मानाने दुप्पट झाला की फिक्सर संपला.

पहिले प्रिंट राखाडी का आले

इंदू कागदावर काढलेले पहिले प्रिंट मळकट निघाले. पांढरं पांढरं नाही, काळं काळं नाही. जुन्या रसायनांवर संशय जाणं साहजिक होतं, आणि इथेच बहुतेक लोक चांगलं डेव्हलपर मोरीत ओतून देतात. आधी डेव्हलपर वेगळं काढायचं. नव्या आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) फोटो कागदाचा तुकडा उजेड दाखवून दोन मिनिटं डेव्हलप केला. खोल, भरगच्च काळा आला. म्हणजे डी-७२ ठीक.

मग कागद. पूर्ण अंधारात इंदूच्या दोन पट्ट्या कापल्या. एक थेट फिक्सरमध्ये, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं आणि मग फिक्सरमध्ये. पहिली पांढरी, दुसरी स्पष्ट राखाडी. उजेड लागलाच नसताना राखाडी, म्हणजे कागद वयाने धुकटला आहे. ही चाचणी लाल दिव्याखाली केली असती तर दोष कागदाचा की दिव्याच्या विटलेल्या फिल्टरचा हे कळलं नसतं.

उपाय म्हणजे बेंझोट्रायझोल, हे धुकं दाबणारं रसायन. १ टक्का द्रावण, वापराच्या डेव्हलपरला लिटरमागे १५ मिलि. पांढरा भाग बराच उजळला. पण कागदाचा वेग कमी झाला, एक्स्पोजर वाढवावं लागलं. ब्रोमाइड वाढवूनही धुकं कमी होतं, पण प्रिंटला हिरवट झाक येऊ शकते, म्हणून बेंझोट्रायझोल बरं. एवढं करूनही हा कागद कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे प्रिंट) आणि सरावापुरताच ठेवावा. चांगल्या प्रिंटसाठी नवा घ्यावा.

लाल, नारिंगी आणि वापरलेला फिक्सर

लाल स्फटिकांचा एक कण पाण्यात टाकला तर पिवळसर-हिरवट द्रावण झालं. त्यात हिराकशीच्या पाण्याचा थेंब टाकताच गडद निळा रंग आला. फेरिसायनाइड नक्की. ते वाया घालवण्याचं कारण नाही. हायपोबरोबर ते प्रिंटचे काळवंडलेले भाग उजळायला लागतं. किंवा १० ग्रॅम १०० मिलि पाण्यात आणि फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात अशी दोन द्रावणं समप्रमाणात मिसळून कागदावर लावली की गच्चीवरच्या उन्हात सायनोटाइप निघतात. नव्या माणसाने डार्करूमची सुरुवात करायला याहून सुंदर काम नाही.

नारिंगी स्फटिक रंगावरून पोटॅशियम डायक्रोमेटचे. हे सहा संयुजेचं क्रोमियम आहे, कर्करोगकारक. त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये, म्हणून तोलण्यासाठीही उघडलं नाही.

वापरलेल्या फिक्सरच्या कॅनमध्ये चांदी आहे. ती मोरीतून मुळा-मुठेकडे पाठवणं चूक, कारण विरघळलेली चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते. घासून चकचकीत केलेली तांब्याची तार दहा मिनिटं बुडवली तर तिच्यावर राखाडी थर धरला, म्हणजे चांदी भरपूर. साधी लोखंडी स्टील वूल मोकळी करून कॅनमध्ये टाकावी आणि झाकण सैल ठेवून गॅलरीत काही दिवस राहू द्यावी. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. भांडी घासायचा स्टेनलेसचा चोथा इथे काहीच करत नाही. नवी तार स्वच्छ राहू लागली की गाळ गाळून वाळवून ठेवावा. एक्स-रे केंद्रांकडून जुना हायपो घेणारे व्यापारी असा गाळही घेतात. वरचं पाणी भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये जाऊ शकतं, सेप्टिक टँक असलेल्या घरात मात्र तेही नाही.

काळपट डेव्हलपर संपलेलंच होतं. टोक त्यात अर्धा तास ठेवूनही काळं झालं नाही. तेही भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजमध्ये गेलं, पण फिक्सरच्या पाण्यापासून वेगळ्या दिवशी. डायक्रोमेट, सल्फाइड आणि क्रोम तुरटी यांची बुचं टेपने बंद करून, प्रत्येक बाटली स्वतंत्र प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून, वर नाव आणि ‘विषारी’ असं लिहून एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे देण्याचं ठरलं. डायक्रोमेट त्यांच्या प्रयोगशाळेत लागतंच. देण्याआधी फोन करून नाव आणि अंदाजे वजन सांगावं. न विचारता दारात ठेवून येऊ नये. घंटागाडीत यांतलं काहीही देऊ नये, कारण ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उघडून निवडतं.